दोष डुकरांचा की आपला?

शाळेच्या वार्षिकात शिक्षकांनी काही उद्बोधक लिहावे असा आपल्याकडे प्रघात आहे. उपदेश करावयास बसलेल्या माणसाने प्रथम स्वतःची चूक सांगावी, म्हणजे ऐकणाऱ्यास त्याचे पुढील बोलणे थोडे सुसह्य होते, असे मला वाटते. म्हणून मी माझ्या एका चुकीपासूनच आरंभ करते.

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. विज्ञानाचे शिक्षक रजेवर असल्यामुळे आठवीचा एक तास माझ्याकडे आला. मी कलाशाखेची पदवीधर; भाषा आणि इतिहास हे माझे विषय. तथापि पाठ रोगजंतूंविषयीचा होता आणि पुस्तक हाताशी होते, त्यामुळे मी निर्धास्तपणे शिकवू लागले. बाहेर पाऊस कोसळत होता. शाळेच्या मागील नाल्यात पाच-सात डुकरे चिखल उकरीत होती. खिडकीतून तिकडे बोट दाखवून मी म्हणाले, “ती पाहा रोगांची चालती-फिरती घरे!” वर्ग मोठ्याने हसला. आपण विषय रंजक केला या समाधानात मी तास संपविला.

तिसऱ्या बाकावरील एक मुलगा मात्र हसला नव्हता. मधल्या सुटीत त्याच्याजवळ डबा घेऊन कोणी बसले नाही. संध्याकाळी कोणीतरी त्याला प्राण्याच्या नावाने हाक मारली. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत आला नाही. त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या डुकरे पाळली जातात, ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. वर्गातील मुलांना ती ठाऊक होती. त्यांच्या हाती दगड नव्हता, तो मी दिला.

पुढील आठ दिवसांत मी या विषयावर जे मिळेल ते वाचले. म्हणजे जे त्या तासापूर्वी करावयास हवे होते ते मागाहून केले. त्या वाचनातून आणि त्यानंतरच्या एका भेटीतून माझे जे मत बनले, ते आज विद्यार्थ्यांपुढे आणि त्यांच्या आईवडिलांपुढे मांडीत आहे.

डुकराविषयी आपले मन मोठे विसंगत आहे. भगवान विष्णूच्या दशावतारांपैकी तिसरा अवतार वराहाचा. आपल्या या दक्षिण देशात तर वराहाला राजचिन्हाचा मान होता. बदामीच्या आणि कल्याणीच्या चालुक्यांचे लांछन वराह होते. वरंगळच्या काकतीयांनीही तेच चिन्ह मिरविले. विजयनगरच्या ज्या सुवर्णनाण्याला आपण होन म्हणतो, ते ‘वराह’ या नावानेही ओळखले जाई. देवळातील दगडी वराहापुढे आपण हात जोडतो आणि देवळाबाहेरील जिवंत वराहाला दगड मारतो. आपल्या शहरात तर या प्राण्याविषयी तऱ्हातऱ्हांच्या भावना एकाच गल्लीत नांदतात. कोणास तो धर्माने निषिद्ध आहे, कोणास त्याचे मांस सणाचे अन्न आहे, कोणाचा तो चरितार्थ आहे, तर कोणास त्याची केवळ शिसारी आहे. या सर्व भावना आपापल्या जागी असोत. प्रश्न असा आहे की, रोगाचा विचार करताना या भावनांनी आपली बुद्धी झाकू द्यावी काय?

आता सत्य काय ते पाहू. डुकरांपासून माणसाला जंतुजन्य रोग होतात, ही गोष्ट खरी आहे आणि ती लपवून ठेवण्यात कोणाचेच हित नाही. परंतु ते कोणते, कसे आणि कोणाला होतात, हे सांगितल्यावाचून केवळ ‘होतात’ एवढेच सांगणे म्हणजे अर्धे ज्ञान होय. मी वर्गात हेच अर्धे ज्ञान वाटले होते.

आपल्या ओळखीचा रोग आधी घेऊ. कोकणात आणि मुंबईत पावसाळा आला की ‘लेप्टो’ हा शब्द लोकांच्या तोंडी येतो. त्याचे पूर्ण नाव लेप्टोस्पायरोसिस. १८८६ मध्ये जर्मनीतील ॲडॉल्फ वाइल या वैद्याने कावीळ आणि मूत्रपिंडांचा विकार यांसह येणाऱ्या एका तापाचे वर्णन केले. त्याचा मळसूत्रासारखा पिळदार जंतू १९१५ च्या सुमारास जपानमध्ये इनादा आणि इदो यांनी शोधून काढला. हा जंतू जनावरांच्या मूत्रपिंडात वस्ती करतो आणि मूत्रावाटे बाहेर पडतो. ओल्या मातीत व साचलेल्या गोड्या पाण्यात तो कित्येक दिवस, कधीकधी कित्येक आठवडे तग धरतो. कोरड्या उन्हात मात्र तो लवकर मरतो. अनवाणी पायाला पडलेली चीर, खरचटलेली पोटरी किंवा डोळ्यांची व तोंडाची नाजूक त्वचा ही त्याची माणसात शिरण्याची दारे होत. मग एकाएकी ताप येतो, डोळे लाल होतात, पोटऱ्या असह्य दुखतात. वेळीच औषध मिळाले नाही तर काही रुग्णांत कावीळ होते, मूत्रपिंडे आणि फुप्फुसे निकामी होतात. जगात दरवर्षी दहा लाखांहून अधिक लोकांना हा रोग होतो आणि त्यांपैकी सुमारे साठ हजार दगावतात, असा अंदाज २०१५ साली प्रसिद्ध झाला आहे.

या रोगाचा डुकराशी संबंध निश्चित आहे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड प्रांतातल्या पोमोना या गावाचे नाव लागलेली या जंतूची एक जात डुकरांत विशेष आढळते. आल्प्स पर्वताच्या प्रदेशात डुकरे राखणाऱ्यांना होणारा एक जुना ताप याच जातीमुळे होतो, असे पुढे सिद्ध झाले. परंतु लक्षात घ्या, की लेप्टोचे मुख्य वाहक उंदीर आणि घुशी हे आहेत. आणि गायी, म्हशी, कुत्री यांच्या मूत्रातूनही तो पसरतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, लक्षावधी लोक कंबरभर पाण्यातून घरी चालत गेले आणि त्यानंतरच्या आठवड्यांत या रोगाने शहरात थैमान घातले. २०१८ च्या महापुरानंतर केरळातही तोच अनुभव आला. अशा वेळी ‘हा जंतू कोणत्या प्राण्याचा?’ असे विचारून उपयोग नसतो. तुंबलेल्या गटाराचे पाणी हाच त्याचा खरा वाहक असतो. ते गटार डुकराने तुंबविलेले नसते.

आपले हैदराबादही पाण्याला अपरिचित नाही. २८ सप्टेंबर १९०८ च्या मुशीच्या महापुराच्या कथा जुन्या घरांतून अजून सांगितल्या जातात. त्या पुरातून धडा घेऊनच उस्मानसागर आणि हिमायतसागर हे जलाशय बांधले गेले. आणि २०२० च्या ऑक्टोबरात पुन्हा एकदा वस्त्याच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या, हे तर तुमच्यापैकी पुष्कळांनी स्वतः पाहिले आहे. ज्या शहरात तळी बुजवून घरे उठतात आणि नाल्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या पडतात, त्या शहराने पावसाळ्यातील तापाचे खापर एका मुक्या जनावरावर फोडावे, हे न्यायाचे नव्हे.

दुसरा जंतू अधिक भयंकर आणि खऱ्या अर्थाने डुकराचाच आहे. त्याचे नाव स्ट्रेप्टोकॉकस सुइस. तो डुकराच्या घशातील गाठींत राहतो आणि पुष्कळदा डुकराला काही त्रासही देत नाही. माणसात शिरला तर मात्र मेंदूच्या आवरणाचा दाह करतो. रोगी वाचला तरी अनेकदा कायमचा बहिरा होतो. माणसांतील त्याचे पहिले रुग्ण १९६८ मध्ये डेन्मार्कमध्ये नोंदले गेले. मुंबई पाण्यात बुडाली त्याच २००५ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात चीनच्या सिचुआन प्रांतात दोनशेहून अधिक शेतकरी या रोगाने पडले आणि त्यांपैकी ३८ मरण पावले. हे लोक कोण होते? आजारी पडलेले किंवा मेलेले डुक्कर फुकट जाऊ नये म्हणून ते घरीच कापणारे, उघड्या हातांनी मांस साफ करणारे गरीब लोक. व्हिएतनाम आणि थायलंडमध्ये कच्चे रक्त वा कच्चे मांस खाण्याच्या चालीमुळेही हा रोग होतो. नीट शिजविलेल्या मांसातून तो होत नाही, आणि रस्त्याने जाणाऱ्या डुकराकडे पाहिल्याने तर मुळीच होत नाही. माझ्या वर्गातील मुलांनी ज्याच्याजवळ बसून डबा खाण्याचे टाळले, त्या मुलापासून त्यांना कोणताही धोका नव्हता. धोका कोणास असलाच तर तो त्याच्या वडिलांच्या उघड्या हातांना होता.

तिसऱ्या जंतूची हकिकत मला विशेष जवळची वाटते, कारण मी गोव्याकडची आहे आणि लहानपणापासून मासळी बाजार पाहत आले आहे. मासे साफ करताना बोटाला काटा लागतो, दोन-तीन दिवसांत बोट जांभळट-लाल होऊन ठणकू लागते. याला कारण होणाऱ्या जंतूंपैकी एक, एरिसिपेलोथ्रिक्स, हा डुकरांच्या एका प्राणघातक साथीचाही कारक आहे. माशाच्या अंगावरील बुळबुळीत थरात तो राहतो आणि डुकराच्या घशातही राहतो. कोळीण आणि खाटीक या दोघांच्याही बोटांना तो सारखाच चावतो. तथापि मासळी विकणाऱ्या बाईला ‘रोगांचे घर’ असे म्हणण्याचे आमच्याकडे कोणाच्याही मनात आले नसते.

या जंतूच्या इतिहासात एक हृद्य प्रसंग आहे. १८८२ मध्ये फ्रान्समध्ये डुकरांची मोठी साथ आली. लहान शेतकऱ्यांचे सर्वस्वच गेले. थोर शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांचा तरुण साहाय्यक लुई थुलिये याने त्या साथीच्या जंतूचा शोध घेतला आणि पाश्चर स्वतः वयाची साठी आली असता बोलेन नावाच्या गावी जाऊन राहिले. हा जंतू सशांच्या अंगातून पुनःपुन्हा नेला असता डुकरांपुरता सौम्य होतो, असे त्यांना आढळले आणि त्यापासून त्यांनी लस तयार केली. पुढच्याच वर्षी, १८८३ मध्ये, पटकीचा अभ्यास करावयास थुलिये इजिप्तमधील अलेक्झांड्रियास गेला आणि त्याच रोगाने ऐन तारुण्यात मरण पावला. विद्यार्थिमित्रांनो, ज्यांच्या नावाने आपण आजही आदराने मान लववितो, त्यांना डुकरांच्या गोठ्यात वाकून काम करण्याची लाज वाटली नव्हती.

आणखी एक गोष्ट सांगते. ती घाईने दोष देणाऱ्या सर्वांनी ऐकण्यासारखी आहे. १८८५ मध्ये अमेरिकेत डॅनिएल सॅमन आणि थिओबाल्ड स्मिथ यांनी मेलेल्या डुकरांतून एक जंतू वेगळा केला. डुकरांच्या एका मोठ्या साथीचे कारण हाच जंतू, असे त्यांनी ठरविले. जवळजवळ वीस वर्षांनी उघडकीस आले की त्या साथीचे कारण जंतूहूनही सूक्ष्म असा विषाणू होता; बिचारा जंतू केवळ घटनास्थळी सापडला होता! तो निरुपद्रवी होता असे मात्र नव्हे. सॅमन यांच्या नावावरून ज्याला साल्मोनेला म्हणतात, त्या कुळातील तो जंतू. हे कुळ दूषित अन्नावाटे माणसांना जुलाब आणि ताप आणते, आणि डुकरांतील ही विशिष्ट जात क्वचित माणसाच्या रक्तातही शिरते. परंतु नजरेसमोर जो दिसतो तोच अपराधी, हा निष्कर्ष शास्त्रज्ञांच्या हातूनही चुकला, तर आपली काय कथा! हिवतापाचेच पाहा. शतकानुशतके लोक दूषित हवेला दोष देत होते. २० ऑगस्ट १८९७ रोजी याच आपल्या सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू पाहिला, तेव्हा कोठे खरा मार्ग सापडला. मार्ग सापडला म्हणून डास जेथे वाढतात ते साचलेले पाणी हटविण्याची बुद्धी माणसाला झाली.

येथे मला माझ्या लहानपणची आठवण होते. आमच्या गावी शेजारी एक ख्रिस्ती कुटुंब राहत असे. त्यांच्या परसातील शौचकूप जुन्या पद्धतीचा होता. त्याखालच्या उतरत्या नालीशी डुकरे येत आणि सर्व साफ करून जात. कोकणीत डुकराला आम्ही ‘दुकर’ म्हणतो. त्या घरची वृद्ध माय हसत म्हणे, “दुकर आमचो म्हार न्हय, आमचो वांगडी.” दुकर आमचा नोकर नव्हे, सोबती आहे, असा तिचा आशय. तिच्या वापरातील जुन्या शब्दात एका समाजाचा जो उपमर्द होता, तो तिला कधी जाणवला नाही आणि त्या वयात मलाही जाणवला नाही. आज जाणवतो. घाण करणारा वेगळा, ती उचलणारा वेगळा, आणि उचलणाऱ्यालाच घाण समजावयाचे, ही आपली जुनी खोड आहे. माणसाच्या बाबतीत आपण ती चालविली आणि जनावराच्या बाबतीतही तीच चालवितो.

वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने तो शौचकूप अर्थातच घातक होता. सुदैवाने घरोघरी नव्या पद्धतीचे संडास झाले आणि ती चाल मागे पडली. परंतु तेथे कोण कोणाला रोग देत होते? डुकरातील फीतकृमीचे उदाहरण घ्या. तो जंतू नव्हे, कृमी आहे. पण मुद्दा स्पष्ट होण्यास उपयोगी आहे. डुकराला हा कृमी माणसाची विष्ठा खाल्ल्याने होतो. माणसाच्या मेंदूत गाठी होऊन जे झटके येतात, तेही या कृमीची अंडी पोटात गेल्याने. आणि ती अंडी माणसाच्याच विष्ठेतून न धुतलेल्या हातांवर, भाजीवर व पाण्यात येतात. म्हणूनच ज्याने जन्मात मांसाला स्पर्श केला नाही अशालाही हा विकार होऊ शकतो. डुकराने जर फिर्याद लावली, तर न्यायाधीशाला निकाल देणे जड जाणार नाही.

यावर काही वाचक म्हणतील, “बाई, हे सर्व ठीक आहे, पण रस्त्यावर मोकाट फिरणाऱ्या डुकरांचा आम्हाला उपद्रव होतो, त्याचे काय? लहान मुले घाबरतात, कचऱ्याचे ढीग विस्कटले जातात.” हा आक्षेप योग्य आहे आणि मी तो मान्य करते. भर वस्तीत जनावरे मोकाट सोडणे कोणाच्याच हिताचे नाही, डुकरांच्याही नाही. डुकरांच्या अंगातून डासांवाटे येणारा मेंदुज्वरही आहे, आणि तो विषाणूचा असला तरी भीती खरीच आहे. माझे म्हणणे एवढेच की, मोकाट डुकरे पकडून शहराबाहेर नेण्याच्या ज्या मोहिमा आपल्या शहरातही वेळोवेळी निघाल्या, त्या एकट्याने पुरेशा नाहीत. नाल्याकाठी उष्ट्या अन्नाचे ढीग आहेत तोवर तेथे कोणीतरी येणारच. डुकरे गेली तर कुत्री येतील, कुत्री गेली तर उंदीर-घुशी वाढतील. आणि लेप्टोचा खरा सरदार तर उंदीरच आहे. शिवाय जनावर नेले की त्याबरोबर एका कुटुंबाची पुंजी जाते. त्या कुटुंबाला बंदिस्त गोठा, जनावरांचा वैद्य आणि तपासणी होणारा कत्तलखाना यांची सोय कोणी दिली काय, हा प्रश्न मोहीम काढणाऱ्यांनी आणि तिला टाळ्या वाजविणाऱ्या आपण सर्वांनी स्वतःस विचारावा.

२०१९ च्या पशुगणनेत आपल्या देशात सुमारे नव्वद लाख डुकरे मोजली गेली. २०१२ च्या तुलनेत ती संख्या शेकडा बारांनी कमी झाली होती. डुकरे घटली म्हणून लेप्टो घटला असे कोणी म्हणू शकेल काय? पावसाळ्यात इस्पितळांच्या रांगा पाहणारा तरी म्हणणार नाही.

उलट बाजूने, श्रीमंत देशांनी डुकरांना नाल्यातून काढून झगझगीत गोठ्यांत ठेवले आणि तेथे एक नवीनच संकट उभे केले. दाटीवाटीने ठेवलेली जनावरे आजारी पडू नयेत आणि लवकर पुष्ट व्हावीत म्हणून त्यांच्या खाद्यात प्रतिजैविक औषधे मिसळली जाऊ लागली. परिणाम असा झाला की त्या औषधांना दाद न देणारे जंतू तेथे वाढले आणि पालकांच्या अंगावर येऊन बसले. नेदरलंड्समध्ये डुक्करपालकांच्या कुटुंबांत असे जंतू आढळल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. २०१५ मध्ये चीनमधील शास्त्रज्ञांनी त्याहून गंभीर वार्ता दिली. कोलिस्टिन हे वैद्यांचे अगदी अखेरचे अस्त्र समजले जाते. त्याला निष्प्रभ करणारा आणि एका जंतूतून दुसऱ्यात सहज जाणारा गुणसूत्रांश डुकरांत, मांसात आणि इस्पितळातील रुग्णांतही सापडला. युरोपीय संघाने वाढीसाठी प्रतिजैविके देण्यावर २००६ पासून बंदी घातली; भारत सरकारनेही २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांना कोलिस्टिन देण्यास मनाई केली. या प्रकरणी डुकराचा काय अपराध? औषध त्याने मागितले नव्हते. आणि आपण तरी काय करतो? सर्दी झाली की दुकानातून दोन गोळ्या आणतो, बरे वाटले की उरलेल्या फेकून देतो. गोठ्यात जी चूक होते तीच आपल्या घरातही होते.

आता त्या भेटीविषयी. आठ दिवसांनी मी त्या मुलाच्या घरी गेले. त्याच्या आईने ओसरीवर चटई अंथरली; पण मी बसेन की नाही या शंकेने ती जराशी दूर उभी राहिली. मी बसले. मुलाला जवळ बोलावून, त्याच्या आईवडिलांसमोर, “माझे चुकले,” असे म्हटले. तो काहीच बोलला नाही. त्याचे वडील मात्र माझे वाचलेले सर्व फार लक्षपूर्वक ऐकत होते. त्यांच्या दोन्ही पायांना भेगा होत्या आणि उजव्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती. मी थांबल्यावर ते म्हणाले, “बाई, म्हणजे हाताला चीर असली की उघड्या हातानं कापायचं नाही, आणि नाल्यात अनवाणी उतरायचं नाही, असंच ना?” मी होय म्हटले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “माझा बाप हेच काम करीत गेला. आम्हाला हाकलायला पुष्कळ जण आले. हे सांगायला कोणी आलं नाही.”

त्या वाक्यास माझ्याजवळ उत्तर नव्हते. आपल्या शहरात नल्लकुंटा येथे साथीच्या रोगांचे मोठे सरकारी इस्पितळ आहे, आणि त्याला रोनाल्ड रॉस यांचेच नाव आहे. चेंगिचेर्ला येथे मांसाविषयी संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. पेशींचा आणि रेणूंचा अभ्यास करणारी जगन्मान्य प्रयोगशाळा तारनाक्याजवळ आहे. ज्ञान या शहरात भरपूर आहे. ज्या हातांना त्याची सर्वांत अधिक गरज आहे, त्या हातांपर्यंत ते पोहोचविण्याचे काम कोणाचे? मला वाटते, ते काम आधी शाळेचे आहे. कारण त्या वस्तीतून रोज सकाळी दप्तर घेऊन बाहेर पडणारे आणि संध्याकाळी परत जाणारे कोणी असेल, तर तो विद्यार्थी होय.

यास्तव विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी थोड्या गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पावसाच्या साचलेल्या पाण्यातून अनवाणी चालू नये. चालावेच लागले तर घरी येताच पाय साबणाने धुवून कोरडे करावेत. अंगावर जखम असेल तर ती पाणी लागणार नाही अशी झाकावी. पाण्यातून गेल्यानंतरच्या दोन-चार आठवड्यांत ताप आला, तर डॉक्टरांना ‘मी पुराच्या पाण्यातून चाललो होतो’ हे न विसरता सांगावे; कारण लेप्टो आरंभीच ओळखला तर पेनिसिलिन किंवा डॉक्सिसायक्लिनसारख्या साध्या औषधाने बरा होतो. औषध स्वतःच्या मनाने घेऊ नये आणि सांगितलेले मध्येच सोडू नये. ज्या घरी मांस खातात त्यांनी ते आतपर्यंत पुरते शिजवावे. कच्च्या मांसाची सुरी आणि पाट भाजीला वापरू नये. जनावरे पाळणाऱ्यांनी हातमोजे व गमबूट वापरावेत. मेलेले वा आजारी जनावर कापू नये, खाऊ नये, विकू नये, आणि पशुवैद्यास कळवावे. आणि सर्वांनी, म्हणजे ज्यांच्या घरी मांस शिजत नाही त्यांनीसुद्धा, उष्टे-खरकटे नाल्यात टाकू नये. नाल्याकाठची डुकरे आपल्याच ताटातील अन्नावर जगतात, हे एकदा डोळे उघडून पाहावे.

तो मुलगा पुढच्या सोमवारी शाळेत आला. मी वर्गासमोर माझी चूक कबूल केली आणि पाठ पुन्हा शिकविला. या वेळी तास संपेपर्यंत कोणी हसले नाही. प्रश्न मात्र पुष्कळ विचारले गेले. एका मुलीने विचारले, “बाई, मग नाला कोण साफ करणार?” मी उत्तर देण्यापूर्वीच तिसऱ्या बाकावरून आवाज आला, “आधी भरायचा कोणी थांबवा, मग साफ करता येईल.”

मधल्या सुटीत दोन मुले त्याच्या बाकावर जाऊन बसली. सगळा वर्ग अजून बसत नाही, हेही सांगणे प्राप्त आहे. जंतूंवर औषधे निघाली आहेत. मनातील अढीवर एका तासाचे औषध पुरत नाही, ते रोज द्यावे लागते. आम्ही शिक्षक ते शाळेत देऊ. हे वार्षिक ज्या घरी वाचले जाईल, त्या घरातील वडीलधाऱ्यांनी ते घरीही द्यावे, एवढीच माझी विनंती आहे.